सुएझचं वाळवंट रंगीत कसं छापलं?

17 नोव्हेंबर 1869 रोजी सुएझ कालवा जहाजांना खुला झाला. त्या काळातली कालव्याची छायाचित्रं आजही पाहायला मिळतात. ती सगळी तपकिरी आहेत: पाणी तपकिरी, आकाश तपकिरी, वाळूही तपकिरी. रंगीत छायाचित्रण व्यवहारात यायला अजून जवळजवळ चार दशकं अवकाश होता. एकरंगी छायाचित्रसुद्धा मजकुराच्या पानावर थेट छापण्याची सोय नव्हती. पुस्तकात फोटो घालायचाच असेल, तर प्रत्येक प्रतीत तो हातानं चिकटवावा लागे.

तरीही पुढच्याच वर्षी, 1870 मध्ये, पॅरिसमध्ये एक मोठ्या आकाराचा प्रवासग्रंथ निघाला आणि त्यात हाच प्रदेश रंगीत दिसतो. ग्रंथाचं नाव 'व्हॉयाज पित्तोरेस्क आ त्राव्हेर लिस्म द स्युएझ', म्हणजे 'सुएझच्या संयोगभूमीतून चित्रमय प्रवास'. दोन मोठ्या भूभागांना जोडणारी आणि दोन समुद्रांना एकमेकांपासून अलग ठेवणारी चिंचोळी पट्टी म्हणजे संयोगभूमी. ही पट्टी कापून भूमध्य समुद्र आणि तांबडा समुद्र जोडले गेले. तिथली 25 मोठी जलरंगचित्रं या ग्रंथात आहेत. ती हातानं रंगवलेली नाहीत, छापलेली आहेत.

हे कसं साधलं? त्याचं उत्तर एका दगडात, थोड्या डिंकात आणि तेल-पाण्याच्या जुन्या वैरात आहे. छपाईचं ते तंत्र समजलं की आणखी एक गोष्ट लक्षात येते. चित्रकाराची नजर, दगडावर काम करणाऱ्याचा हात आणि ग्रंथामागचा हेतू, असे तीन टप्पे ओलांडून सुएझ या पानांवर पोचला आहे. त्यातल्या कशावर विश्वास ठेवायचा आणि काय दुसरीकडे शोधायचं, हे ठरवायला या टप्प्यांची ओळख हवी.

ग्रंथ घडवणारी तीन माणसं

चित्रं एदुआर रिऊ यांची. 1833 साली जन्मलेले रिऊ तेव्हा फ्रान्समध्ये पुस्तकांचे चित्रकार म्हणून नावाजलेले होते. ज्यूल व्हर्न यांच्या बलूनमधल्या प्रवासाला आणि पृथ्वीच्या पोटातल्या सफरीला वाचकांपुढे चित्ररूप देणाऱ्यांत ते होते. समुद्राखालच्या सफरीवरची व्हर्न यांची प्रसिद्ध कादंबरी 1869-70 मध्ये क्रमशः येत होती. तिच्या सुरुवातीच्या भागाची चित्रंही रिऊंचीच. त्या कादंबरीत कॅप्टन नेमोची पाणबुडी सुएझच्या जमिनीखालच्या एका काल्पनिक भुयारातून तांबड्या समुद्रातून भूमध्य समुद्रात जाते. कादंबरीत तो मार्ग कल्पनेतला होता आणि त्याच सुमारास रिऊ खऱ्या मार्गाची चित्रं करत होते. इजिप्तचा राज्यकर्ता खेदिव इस्माईल यानं कालव्याच्या उद्घाटन सोहळ्याची चित्रं काढण्याचं कामही त्यांच्याकडे सोपवलं होतं.

मजकूर लिहिला मारियुस फोंतान यांनी. ते कालवा खणणाऱ्या कंपनीच्याच सेवेत होते. ही बाब पुढे महत्त्वाची ठरते.

तिसरे युजेन सिसेरी. निसर्गदृश्यांची शिळाछाप करण्यात त्यांचा हातखंडा होता. रिऊंनी कागदावर पाण्याच्या रंगांत जे उतरवलं होतं, ते दगडावर पुन्हा उभं करण्याचं काम सिसेरींनी केलं.

फोंतान आणि रिऊ यांची जोडी याआधीही जमली होती. 1869 सालीच दोघांचं कालव्यावरचं आणखी एक सचित्र पुस्तक निघालं. त्या काळच्या सचित्र साप्ताहिकांसाठी आणि पुस्तकांसाठी लाकडी ठशांचा वापर होई. कठीण लाकडाच्या आडव्या कापावर चित्र कोरायचं आणि तो ठसा शिशाच्या खिळ्यांशेजारी बसवून मजकुरासोबत एकाच वेळी छापायचा, ही ती पद्धत. ती वेगवान आणि स्वस्त होती, पण तिला भाषा फक्त काळ्या रेषेची. पहाटेच्या आकाशाचा उजेड, उथळ सरोवराचा रंग, वाळूच्या कड्याची सावली हे सगळं दाखवायचं तर दुसरी वाट धरावी लागत होती.

तेल, पाणी आणि चुनखडीचा दगड

ती वाट जर्मनीत म्युनिकमध्ये सापडली. अलोइस झेनेफेल्डर हा नाटककार आपली नाटकं कमी खर्चात कशी छापता येतील, या विवंचनेत होता. 1796 ते 1798 या काळात प्रयोग करता करता त्याच्या हाती शिळाछापाचं तंत्र आलं. त्याआधीच्या छपाईत शाई लागणारा भाग एकतर उंच असे, खिळ्यांसारखा, नाहीतर खोल असे, तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या रेषेसारखा. झेनेफेल्डरच्या पद्धतीत चित्राचा भाग आणि कोरा भाग एकाच पातळीवर राहतात. शाई कुठे बसायची हे उंची-खोली ठरवत नाही, रसायनशास्त्र ठरवतं.

ज्यांच्या स्वयंपाकघरात शहाबादी फरशी आहे त्यांनी हे रोज पाहिलेलं असतं. फरशीवर तेल सांडलं आणि मुरलं की कितीही पुसलं तरी डाग जात नाही. फरशी धुतली की आजूबाजूचा दगड ओला होऊन गडद दिसतो, पण डागावर पाणी ठरत नाही, सरकून जातं. शहाबादी फरशी हा चुनखडीचाच दगड आहे आणि चुनखडी तेल आणि पाणी दोन्ही शोषते. ज्या जागी जे आधी मुरलं, ती जागा त्याची. शिळाछापाचं सगळं तंत्र या एका गुणावर उभं आहे.

छापखान्यातली कृती अशी असे. दोन दगड समोरासमोर ठेवून, मध्ये वाळू आणि पाणी घालून एकमेकांवर घासायचे. त्यामुळे पृष्ठभाग सपाट होतो आणि त्याला अगदी बारीक खर येते. त्या खरेवर मेण, साबण, चरबी आणि काजळी यांपासून बनवलेल्या तेलकट खडूनं चित्र काढायचं. खडू खरेच्या टोकांवर जास्त आणि खळग्यांत कमी लागतो. त्यामुळे हलक्या हातानं फिकी छटा आणि दाबून गडद छटा मिळते. चित्र उलटं काढावं लागतं, कारण छापताना डावं-उजवं बदलतं. कालव्याचा आफ्रिकेकडचा काठ दगडावर आशियाच्या बाजूला काढायचा, याचं भान प्रत्येक रेषेला ठेवावं लागे.

मग दगडावर डिंकाच्या पाण्यात नायट्रिक आम्लाचे काही थेंब मिसळून फासायचे. या मिश्रणामुळे कोऱ्या जागेवर डिंकाचा अतिशय पातळ थर घट्ट बसतो. तो पाण्याला जवळ करतो आणि तेलाला दूर ठेवतो. हा डिंक बाभळीच्या कुळातल्या झाडांचा असतो. सुदान हा त्याचा मोठा पुरवठादार आणि तिथला माल इजिप्तमार्गे बाहेर जाई. ज्या नाईलच्या खोऱ्याची चित्रं युरोपात छापली जात होती, त्याच वाटेनं आलेला डिंक त्या छपाईच्या कामी येत होता.

यानंतर दगड ओला करायचा. डिंकाचा भाग पाणी धरतो, खडूचा भाग पाणी झिडकारतो. वरून तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त खडूच्या जागी बसते. कागद ठेवून वरून चामडं लावलेल्या लाकडी पट्टीचा जोरदार दाब दिला की चित्र कागदावर उतरतं. दुसऱ्या प्रतीसाठी पुन्हा पाणी, पुन्हा शाई, पुन्हा दाब.

या कामाला सगळ्यात उत्तम दगड मिळे तो बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या खाणींत. त्याचा पोत इतका बारीक आणि एकसारखा, की 1861 साली तिथे आर्किऑप्टेरिक्स या आद्य पक्ष्याचे अवशेष सापडले तेव्हा त्याच्या पिसांचे ठसेसुद्धा दगडात स्पष्ट दिसत होते. कोट्यवधी वर्षांपूर्वीचं पीस टिपणारा दगड चित्रकाराच्या खडूची सूक्ष्म छटाही टिपू शके.

एका चित्राला अनेक दगड

इथपर्यंतचं चित्र एकरंगी आहे. रंगासाठी आधीच्या पिढीनं निम्मी वाट चालून ठेवली होती. स्कॉटिश चित्रकार डेव्हिड रॉबर्ट्स 1838-39 मध्ये इजिप्त आणि पॅलेस्टाइन फिरून आले. त्यांच्या चित्रांवरून लुई हाघ यांनी तयार केलेली सुमारे अडीचशे शिळाछापं 1842 ते 1849 या काळात लंडनहून प्रसिद्ध झाली. त्यांत मुख्य रेखाटनाला फिक्या वाळूरंगाची नाहीतर करड्या रंगाची जोड दिलेली असे. उंची प्रतींमध्ये बाकीचे रंग कारागीर कुंचल्यानं भरत. प्रत्येक प्रत हातानं रंगवलेली, म्हणून दोन प्रती तंतोतंत सारख्या नसत.

रंगही दगडावरूनच छापायची पद्धत फ्रान्समध्ये गोदफ्रुआ एंगेलमान यांनी विकसित केली आणि 1837 मध्ये तिचं पेटंट घेतलं. तत्त्व सोपं होतं: प्रत्येक रंगाला वेगळा दगड. अंमलबजावणीत मात्र सगळी कसोटी लागे.

आधी मूळ चित्राकडे पाहून ठरवायचं, की यात रंग किती आणि कोणत्या रंगावर कोणता रंग छापला तर तिसरा मिळेल. पिवळ्यावर निळा आला तर हिरव्यासाठी वेगळा दगड लागत नाही. निळ्यावर फिका तांबूस आला तर संध्याकाळची जांभळट सावली मिळते. साध्या चित्राला पाच-सहा दगड पुरत, नाजूक निसर्गदृश्याला डझनभर किंवा त्याहूनही जास्त लागत. कारागिराला संपूर्ण रंगीत चित्र मनात फोडून त्याचे थर वेगळे करावे लागत. आज हे काम संगणक क्षणात करतो. तेव्हा ते डोळ्यांच्या आणि अनुभवाच्या जोरावर चाले.

मग सगळ्या दगडांवर आकृत्या नेमक्या त्याच जागी याव्यात म्हणून मुख्य रेखाटनाचा छाप घेऊन तो बाकीच्या प्रत्येक दगडावर पुसट उमटवायचा. त्या पुसट रेषांच्या आधारानं एका दगडावर फक्त आकाशाचा निळा भाग रंगवायचा, दुसऱ्यावर फक्त वाळूचा पिवळा, तिसऱ्यावर सावल्या. छपाई बहुधा फिक्याकडून गडदाकडे जाई. प्रत्येक रंग वाळला की तोच कागद पुढच्या दगडावर, कोपऱ्यातल्या खुणा जुळवून, पुन्हा ठेवायचा. छापखान्याच्या भाषेत याला रजिस्टर जुळवणं म्हणतात. ते केसभर चुकलं तरी शिडाच्या कडेला निळी किनार उमटते किंवा उंटाची सावली पायापासून सुटते.

यात कागदही स्वस्थ बसत नाही. हवेतला ओलावा वाढला की तो फुगतो, हवा कोरडी झाली की आखडतो. सोमवारी छापलेला पिवळा आणि गुरुवारी छापलेला निळा जुळावा म्हणून छापखान्यातली हवा आणि कागद दोन्ही सांभाळावे लागत. 25 चित्रं, प्रत्येकाचे अनेक दगड आणि प्रत्येक दगडाचा प्रत्येक प्रतीवर वेगळा दाब हा हिशेब मनात धरला, तर अशा ग्रंथाला किती हात लागले असतील याचा अंदाज येतो. वजनदार दगड उचलणारे, शाई लावणारे, कागद ठेवणारे यांची नावं मुखपृष्ठावर येत नसत. रिऊ, सिसेरी आणि फोंतान यांची आली.

आधीच्या एका ग्रंथातला चुकीचा आकडा

सुएझवरचा हा पहिला मोठा चित्रग्रंथ नव्हता. 1798 मध्ये नेपोलियन इजिप्तवर चालून गेला तेव्हा सैन्याबरोबर अभियंते, चित्रकार आणि शास्त्रज्ञही होते. त्यांच्या कामातून 1809 पासून पुढे 'देस्क्रिप्स्यों द लेजिप्त' हा भव्य ग्रंथसंच खंडाखंडानं निघाला. त्यात जाक-मारी ल पेर या अभियंत्याचा दोन समुद्र जोडण्यासंबंधीचा अहवाल होता. त्याच्या मोजणीनुसार तांबड्या समुद्राची पातळी भूमध्य समुद्रापेक्षा सुमारे 10 मीटर उंच होती.

मोजणी युद्धाच्या धामधुमीत, घाईघाईत झाली होती आणि आकडा चुकीचा होता. पण ग्रंथाचा दबदबा एवढा, की त्या आकड्याचं ओझं पुढची जवळपास पन्नास वर्षं या कल्पनेवर राहिलं. एक समुद्र दुसऱ्याहून 10 मीटर उंच असेल, तर सरळ कालव्यातून पाण्याचा लोंढा येईल. तो अडवायला दरवाजांची टाकी बांधावी लागतील आणि खर्च कुठल्या कुठे जाईल. शेवटी 1847 मध्ये पॉल-आद्रियां बुर्दालू यांच्या देखरेखीखाली नव्यानं मोजणी झाली. दोन्ही समुद्र जवळपास एकाच पातळीवर असल्याचं तिनं दाखवून दिलं. त्यामुळेच सुएझ कालव्यात आजही एकही जलपाश, म्हणजे जहाज वर-खाली करणारं दरवाजांचं टाकं, नाही.

चुकीचा आकडा ज्यात होता, त्याच अहवालानं कालव्याचं वेडही पेरलं. 1832 मध्ये फर्दिनां द लेसेप्स हा तरुण फ्रेंच मुत्सद्दी अलेक्झांड्रियाच्या बंदरात क्वारंटाइनमध्ये अडकला होता, तेव्हा त्यानं तो वाचला. पुढे 30 नोव्हेंबर 1854 रोजी इजिप्तचा तेव्हाचा राज्यकर्ता सईद पाशा याच्याकडून त्यानं कालव्याचा परवाना मिळवला. 1858 च्या डिसेंबरात कंपनी स्थापन झाली आणि 25 एप्रिल 1859 रोजी पहिली कुदळ पडली.

उत्तरेकडून दक्षिणेकडे: कालवा कसा खणला

भूमध्य समुद्राच्या काठी, जिथे आधी वाळूची पट्टी आणि तिच्यामागे उथळ मंझाला सरोवर एवढंच होतं, तिथे पोर्ट सईद उभं राहिलं. बंदरात गाळ शिरू नये म्हणून समुद्रात लांबच लांब धक्के बांधायला हवे होते, पण जवळपास दगड नव्हता. तेव्हा फ्रान्समधल्या ल तेय इथला चुना आणून, वाळूत मिसळून, सुमारे 20 टनांचे काँक्रीटचे ठोकळे जागेवरच ओतण्यात आले आणि हजारोंच्या संख्येनं समुद्रात सोडण्यात आले.

मंझाला सरोवरात अडचण उलटी होती. तिथे जमीनच नव्हती, पातळ चिखल होता. सुरुवातीला सरोवरातले कोळी हातांनी चिखल उपसत, छातीशी दाबून त्यातलं पाणी काढत आणि ते गोळे पाठीवरून नेऊन काठावर रचत. उन्हानं ते वाळले की काठ तयार होई. पुढे वाफेवर चालणारे गाळ उपसणारे तराफे आले. साखळीला लावलेल्या पोहऱ्यांनी ते तळाचा गाळ वर काढत. पण वर काढलेला गाळ दूर टाकायचा कसा? अभियंत्यांनी तराफ्याला सुमारे 70 मीटर लांबीचा उतरता पन्हळ जोडला आणि त्यात पंपानं पाणी सोडलं. पाण्याबरोबर गाळ आपोआप वाहत काठापलीकडे जाऊन पडू लागला. या यंत्रांचा ताफा बोरेल आणि लाव्हाले यांच्या कंपनीनं पुरवला आणि चालवला.

दक्षिणेकडे एल गिसरचा उंचवटा आणि त्यापुढे सेरापियमचं पठार. सेरापियमला जमीन समुद्रसपाटीहून कित्येक मीटर उंच, त्यामुळे तराफा तरंगवायला पाणी नव्हतं. इथली युक्ती विलक्षण होती. नाईलमधून आणलेला गोड्या पाण्याचा एक कालवा आधीच कालव्याच्या मध्यावरच्या इस्मायलिया गावापर्यंत पोचला होता आणि तो समुद्रसपाटीच्या बऱ्याच वरून वाहत होता. त्याचं पाणी पठारावरच्या अर्धवट खणलेल्या चरात आणि शेजारच्या खोलगट जागांत सोडण्यात आलं. तराफे त्या उंचावरच्या गोड्या पाण्यात तरंगत तळ खणत राहिले. पुरेसं खोल गेल्यावर बांध फोडून पाण्याची पातळी समुद्रापर्यंत उतरवली आणि तेच तराफे खालच्या पातळीवर उरलेलं काम करू लागले.

हा गोड्या पाण्याचा कालवा नसता तर संयोगभूमीत गावंच वसली नसती. त्याआधी पिण्याचं पाणी उंटांवरून आणि होड्यांतून आणावं लागे. 1863 च्या अखेरीस तो सुएझ गावापर्यंत पोचला.

त्यापुढची कडू सरोवरं ही मिठाच्या जाड थरानं भरलेली कोरडी खोलगट जमीन होती. तिथे खणायचं थोडंच, भरायचं मात्र खूप. 1869 च्या मार्चमध्ये भूमध्य समुद्राचं पाणी तिच्यात सोडलं गेलं. उन्हाळ्यात तांबड्या समुद्राचं पाणीही आलं आणि ऑगस्टमध्ये दोन्ही एकमेकांना मिळाली. तांबड्या समुद्राच्या बाजूला भरती-ओहोटीचा फरक मोठा असतो. हा प्रचंड जलाशय तो धक्का पोटात घेतो, म्हणून उत्तरेकडच्या भागात प्रवाह शांत राहतो.

तयार झालेला कालवा 164 किलोमीटर लांब आणि 8 मीटर खोल होता. तळाशी त्याची रुंदी 22 मीटर होती. त्यासाठी सुमारे 7 कोटी 40 लाख घनमीटर माती-गाळ काढावा लागला.

चित्रांच्या आधीची वर्षं

रिऊंची चित्रं कालव्याच्या शेवटच्या पर्वातली आहेत. तेव्हा काम यंत्रांच्या हाती होतं, नवी गावं वसली होती आणि उद्घाटन तोंडावर होतं. ग्रंथ या पर्वापासून सुरू होतो, कालवा मात्र तिथून सुरू झाला नव्हता.

पहिली काही वर्षं खणण्याचं काम फेलाहीन, म्हणजे इजिप्तमधले शेतकरी, हातांनी करत. 1856 च्या करारानुसार किमान चार पंचमांश मजूर इजिप्तचे असायचे होते. राज्यकर्त्याच्या हुकुमानं गावागावांतून माणसं सक्तीनं आणली जात. वेठबिगारीचीच ही पद्धत. एका वेळी सुमारे 20,000 माणसं कामावर असत, तेवढीच वाटेवर येत असत आणि तेवढीच परतत असत. म्हणजे दर महिन्याला जवळपास 60,000 माणसं शेतीपासून तुटत. एल गिसरचा उंचवटा कुदळ-टोपल्यांनी फोडला गेला तो याच माणसांकडून.

1863 मध्ये इस्माईल गादीवर आला आणि या सक्तीला विरोध वाढला. ब्रिटनचा राजकीय दबावही होताच. वाद फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्याकडे गेला. 1864 मध्ये त्यानं इजिप्तच्या सरकारनं कंपनीला 8 कोटी 40 लाख फ्रँक भरपाई द्यावी असा निवाडा दिला. त्या भरपाईत मजूर काढून घेतल्याचाही हिशेब होता. म्हणजे माणसंही इजिप्तची आणि ती परत घेण्याची किंमतही इजिप्तनंच मोजली. त्यानंतर यंत्रं आली. 1865 मध्ये कॉलऱ्याची साथ या छावण्यांतून फिरली.

फोंतान कंपनीचे नोकर होते आणि ग्रंथ विजयाच्या वर्षात तयार झाला. यंत्रं, नवी शहरं, विस्तीर्ण पाणी ही त्या विजयाची दृश्यं. म्हणून या ग्रंथाचा उपयोग त्यानं दाखवलेल्या गोष्टींसाठी करावा: 1869 च्या सुमाराला संयोगभूमीचा देखावा कसा होता, यंत्रं कशी उभी होती, वस्त्या कुठे वसल्या होत्या. आज कालवा 193 किलोमीटर लांब आणि 24 मीटर खोल आहे. ते पहिलं, अरुंद रूप रंगांत पाहायचं तर अशाच चित्रांकडे जावं लागतं. वेठीचा इतिहास मात्र हुकूमनामे, निवाडे आणि इजिप्शियन इतिहासकारांच्या लेखनात शोधावा लागतो. ग्रंथ आणि दफ्तर शेजारी-शेजारी ठेवले, की सुएझ पुरता दिसतो.

मुंबईशी दुहेरी नातं

लंडन ते मुंबई हा सागरी प्रवास आफ्रिकेला वळसा घालण्याऐवजी सुएझमार्गे केल्यामुळे सुमारे 40 टक्क्यांनी कमी झाला. त्याआधीही मुंबईचा सुएझशी संबंध होताच. मुंबईत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट 1830 मध्ये मुंबईहून सुएझला गेली होती. तिथून प्रवासी आणि टपाल वाळवंट ओलांडून भूमध्य समुद्राकडे जाई. कालव्यानं तो मधला जमिनीवरचा टप्पा पुसून टाकला.

दुसरं नातं शिळाछापाचं. महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात पोथ्या शिळाछापावर निघत होत्याच. 1878 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात चित्रशाळा छापखाना काढला. देवादिकांची आणि ऐतिहासिक पुरुषांची रंगीत चित्रं तिथून घरोघरी गेली. 1894 मध्ये राजा रविवर्मांचा छापखाना मुंबईत सुरू झाला, जर्मन तंत्रज्ञांच्या मदतीनं, आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली लक्ष्मी आणि सरस्वती ज्या कृतीनं छापली गेली, ती मुळात सिसेरींच्या सुएझचीच कृती: रंगागणिक दगड, एकावर एक थर, जुळवलेलं रजिस्टर.

चौकट: जुनं रंगीत छापचित्र कसं ओळखावं?

घरातल्या जुन्या चित्रावर दहापट मोठं दाखवणारं भिंग धरलं तर बरंच काही कळतं.

• रंगांचे ठिपके एकसारखे, ओळीत आणि फुलासारख्या वर्तुळांत मांडलेले दिसले, तर ते अलीकडचं ऑफसेट छापील चित्र आहे. जुन्या चित्राची नवी प्रतिकृतीही अशीच दिसते.

• ठिपके वेडेवाकडे, खडूच्या खरेसारखे असतील आणि रंगालाही तीच खर असेल, तर ते बहुधा दगडावरून रंगीत छापलेलं आहे. कडांना एखादा रंग किंचित सरकलेला दिसला तर तीही दगडाच्या छपाईची खूण.

• रेषा छापील पण रंग एकसंध, कुठे रेषेबाहेर गेलेला, कडेला साचून गडद झालेला असेल, तर रंग कुंचल्यानं भरलेला आहे.

• कागदावरचे विखुरलेले तपकिरी डाग ओलाव्यामुळे, कागदातल्या लोहकणांमुळे आणि बुरशीमुळे येतात. ते घरी पुसायचा किंवा धुवायचा प्रयत्न करू नये. चित्र कोरड्या जागी, थेट उन्हापासून दूर आणि आम्लरहित कागदात ठेवावं.

• जुन्या चित्रग्रंथांची पानं सुटी करून चौकटीत घालून विकण्याची चाल मोठी आहे. त्यामुळे सगळी चित्रं आणि मजकूर शाबूत असलेली प्रत दुर्मिळ असते. अशी प्रत कुणाकडे असेल, तर एखादं पान भिंतीवर लावण्यासाठी ती फोडू नये.